सम्राटाचा घसा आणि न घडलेली जर्मनी

मागच्या वेळी आपण बिस्मार्कच्या राज्यघटनेपाशी थांबलो होतो. आज त्याच जर्मनीबद्दल बोलायचं आहे, पण जी कधी झालीच नाही त्या जर्मनीबद्दल. १९१४चं युद्ध टळलं, कैसरचं साम्राज्य बुडालं नाही, शांतपणे भरभराटत राहिलं, अशी कल्पना करून बरंच लेखन झालंय. हे लेखन वाचायचं कसं, त्याला प्रश्न कोणते विचारायचे, हा आजचा विषय. इतिहासाच्या वर्गात 'जर-तर'ला जागा नसते असं आपल्याला शिकवलेलं असतं. तरी घरी, कट्ट्यावर, प्रवासात आपण दुसरं करतो काय? विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? थोरल्या माधवरावांना क्षय झाला नसता तर? माधवराव १७७२ साली थेऊरला गेले तेव्हा त्यांचं वय होतं अवघं २७ वर्षांचं. या एका वाक्याशी थबकला नाही असा मराठी माणूस विरळा. नारळीकरांनी तर 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत विश्वासरावांना गोळीतून वाचवून मराठ्यांना पानिपत जिंकूनही दिलं. तेव्हा हा खेळ आपल्याला नवा नाही.

जर्मनांचे माधवराव म्हणजे सम्राट फ्रेडरिक तिसरा. तुलना फार ताणायची नाही, पण दुखणं त्याच जातीचं आहे. १९३१ साली लंडनमध्ये जे. सी. स्क्वायर यांनी एक निबंधसंग्रह काढला. 'वेगळं घडलं असतं तर' या सूत्रावर नामवंत लेखकांकडून लेख मागवले. चर्चिलचा लेख त्यात आहे, चेस्टरटनचा आहे, बेलॉकचा आहे. जर्मन भाषेतला त्या काळचा अतिशय खपाचा चरित्रकार एमिल लुडविग, त्याचाही आहे. त्याच्या लेखाचा विषय एका ओळीत सांगता येतो : सम्राट फ्रेडरिकला कर्करोग झाला नसता तर? लुडविगचं उत्तर असं, की जर्मनी इंग्लंडच्या वळणाची संसदीय राजेशाही झाली असती, इंग्लंडशी मैत्री टिकली असती, आणि महायुद्ध झालंच नसतं.

आता हा घसा काय प्रकरण होता ते पाहू, कारण सगळी इमारत त्याच्यावर उभी आहे.

फ्रेडरिक हा पहिल्या विल्हेल्मचा मुलगा, जन्म १८३१चा. १८५८ मध्ये त्याचं लग्न इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीशी झालं. तीही व्हिक्टोरियाच. बाई हुशार, मतांनी पक्क्या उदारमतवादी, आणि नवऱ्यावर त्यांचा प्रभाव मोठा. युवराज म्हणून फ्रेडरिक तीस वर्षांच्या आसपास वाट पाहत राहिला, कारण वडील नव्वदी गाठेपर्यंत जगले. १८८७च्या जानेवारीत त्याचा आवाज बसला. खोकला, पडसं असेल म्हणून आधी दुर्लक्ष झालं. मे महिन्यात जर्मन डॉक्टरांना कर्करोगाचा संशय आला. शल्यविशारद बर्गमान घसा उघडून गाठ काढायच्या तयारीत होते. तेवढ्यात इंग्लंडहून मोरेल मॅकेन्झी आले. त्यांनी गाठीचा तुकडा काढून तपासायला दिला. तपासणारा कोण? रुडॉल्फ फिर्खो, पेशी-विकृतिशास्त्राचा जनक. फिर्खोंना त्या तुकड्यात कर्करोग दिसला नाही. शस्त्रक्रिया रद्द झाली. नोव्हेंबरात सान रेमोमध्ये निदान पक्कं झालं, तोवर उशीर झाला होता. फेब्रुवारी १८८८ मध्ये श्वास घ्यायला गळ्याला भोक पाडून नळी बसवावी लागली. ९ मार्चला वडील गेले आणि न बोलू शकणारा माणूस सम्राट झाला. चिठ्ठ्या लिहून तो राज्य चालवत होता. ९९ दिवसांनी, १५ जूनला, तोही गेला. मग आला त्याचा मुलगा, दुसरा विल्हेल्म, वय वर्षं २९.

बघा, कथा म्हणून यात काय नाही? चुकलेलं निदान, दोन देशांच्या डॉक्टरांचं भांडण, मुका सम्राट, अधीर मुलगा. आणि तीस वर्षांनी सगळा युरोप उद्ध्वस्त. एका गाठीपासून लाखो प्रेतांपर्यंत सरळ रेघ ओढायचा मोह कुणालाही होईल. लुडविगला झाला. प्रश्न असा, की ती रेघ सरळ आहे का?

इथे टीका सुरू करायची तर आधी फ्रेडरिककडेच नीट पाहावं लागतं. १८६३ साली बिस्मार्कने वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा हुकूम काढला तेव्हा डान्झिगमध्ये युवराजांनी जाहीर सांगितलं, की या निर्णयात माझा हात नव्हता. धाडसाचं होतं ते. वडील संतापले. आणि त्यानंतर? त्यानंतर युवराज जाहीरपणे गप्प बसले. डेन्मार्क, ऑस्ट्रिया, फ्रान्स, तिन्ही युद्धांत ते लढले, दोन मोठ्या युद्धांत सेनापती म्हणून नावाजले गेले. १८७१ मध्ये आपलं घराणं जर्मन साम्राज्याच्या गादीवर बसावं याचा उत्साह त्यांना वडिलांपेक्षा जास्त होता. सत्ता हाती आल्यावर त्या ९९ दिवसांत त्यांनी प्रतिगामी गृहमंत्री पुटकामरला घालवलं, पण बिस्मार्कला हात लावला नाही. अर्थात मरणपंथाला लागलेल्या माणसाकडून जास्त अपेक्षा करणं अन्याय होईल. माझा मुद्दा इतकाच, की 'उदारमतवादी सम्राट' ही प्रतिमा बरीचशी नंतर घडवलेली आहे. मेलेल्या युवराजाच्या पदरात लोकांनी आपापल्या अपुऱ्या इच्छा टाकल्या. आपल्याकडेही हे होतं. अकाली गेलेला माणूस चुका करायला उरत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. समजा फ्रेडरिक अगदी लुडविग म्हणतो तसाच होता. मग तो काय करू शकला असता? साम्राज्याच्या संसदेला, राइशटागला, मतदान २५ वर्षांवरच्या सर्व पुरुषांना होतं. त्या काळात ही लहान गोष्ट नाही. पण चान्सलर जबाबदार सम्राटाला, संसदेला नाही. आणि साम्राज्याच्या दोनतृतीयांश भागावर पसरलेल्या प्रशियात मतदारांचे भरलेल्या करानुसार तीन वर्ग. श्रीमंत मूठभर आणि गरीब बहुसंख्य यांचं मत सारख्याच वजनाचं. ही रचना एका भल्या सम्राटाच्या सहीने मोडली असती? तिच्यावर जमीनदारांचा वर्ग पोसला जात होता, सैन्याचे अधिकारी त्यातून येत होते.

एक प्रसंग सांगतो. १९१३ साली अल्सासमधल्या त्साबर्न नावाच्या छोट्या गावात लष्करी अधिकाऱ्यांनी स्थानिकांचा अपमान केला, मग नागरिकांची सरसकट धरपकड केली. कायद्यात असा अधिकार त्यांना नव्हता. सगळ्या देशात गदारोळ झाला. डिसेंबरात राइशटागने चान्सलर बेथमान-होल्वेगवर अविश्वास दाखवला : २९३ विरुद्ध ५४. इतकं प्रचंड बहुमत! आणि झालं काय? चान्सलर जागचा हलला नाही. हलायची गरजच नव्हती. हा आकडा मला त्या साम्राज्याचं व्यवच्छेदक लक्षण वाटतो. लोक बोलत होते, वृत्तपत्रं लिहीत होती, संसद मत देत होती, आणि खुर्ची ढिम्म. लुडविगच्या लेखात हा अडसर एका सज्जन माणसाच्या आयुर्मानाने दूर होतो. तिथे मला तो लेख लंगडा वाटतो.

पण थांबा, लुडविगचं अर्धं खरंही आहे. ते नाकारलं तर टीका एकांगी होईल. याच रचनेमुळे सम्राट कोण आहे याला फार महत्त्व होतं. १८९८ आणि १९००चे नौदल कायदे, टिर्पिट्झची जहाजबांधणी, इंग्लंडशी ओढवून घेतलेली स्पर्धा, यामागे दुसऱ्या विल्हेल्मची हौस आणि असूया होती हे कुणी नाकारत नाही. सासुरवाडीवर प्रेम असलेल्या सम्राटाने ते आरमार बांधलं नसतं हे मला पटतं. म्हणजे सगळी सत्ता एका माणसाच्या मुठीत देणारी घटना असेल, तर त्या माणसाचा घसा हा राष्ट्राचा प्रश्न होतोच. लुडविगने दोष घशाला दिला. मी तो घटनेला देईन. पण दोघं एकाच जखमेकडे बोट दाखवतोय.

आता भरभराटीकडे. समृद्ध, शांत कैसर-जर्मनी ही कल्पना लोकांना इतकी भावते कारण समृद्धी काल्पनिक नव्हती. १८७१ मध्ये ४ कोटी १० लाखांची वस्ती १९१०पर्यंत साडेसहा कोटींच्या घरात गेली. १९१३ मध्ये जर्मनी ब्रिटनच्या दुपटीहून जास्त पोलाद काढत होती. १८८३ला आजारपणाचा विमा, १८८४ला अपघाताचा, १८८९ला म्हातारपणाच्या निवृत्तिवेतनाचा कायदा. जगात आधी तिथे. कोख, प्लांक, हाबर त्याच मातीतले. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करणारा कारखाना १९१३ला ओपाउ इथे सुरू झाला आणि त्याने खताचा प्रश्न सोडवला. दीड वर्षाने त्याच हाबरने ईप्रच्या रणांगणावर क्लोरीन वायू सोडायची व्यवस्था केली. युद्ध झालं नसतं तर हाबर फक्त खताचा हाबर राहिला असता. इतक्या जवळ होत्या त्या दोन वाटा. म्हणून हे लेखन केवळ मनोराज्य म्हणून उडवून लावता येत नाही.

ही ओढ अलीकडच्या साहित्यात सर्वात देखणी उतरलीय ती हान्नेस श्टाइनच्या २०१३च्या 'डेर कोमेट' कादंबरीत. 'धूमकेतू' म्हणा. त्यात साराजेव्होला पहिला बॉम्ब फुटल्यावर युवराज फ्रान्झ फर्डिनांड शहाणपणा करतात, दौरा सोडून घरी परततात. बस्स, एवढंच. विसावं शतक घडतच नाही. एकविसाव्या शतकातही व्हिएन्ना ही जगाची राजधानी, राजेशाह्या जागच्या जागी, मध्य युरोपातलं ज्यू जीवन गजबजलेलं. अ‍ॅन फ्रँक म्हातारी होते, तिला साहित्याचं नोबेल मिळतं. हे वाचताना हसू येतं आणि पुढच्याच क्षणी घशात काहीतरी अडकतं. या कादंबरीचं यश इथे आहे : ती साम्राज्याचं गुणगान करत नाही, ती गमावलेल्या माणसांची यादी वाचते, आणि ती यादी आनंदाच्या सुरात वाचते. तिच्यात एक माणूस आहे, त्याला भयंकर स्वप्नं पडतात आणि तो मानसोपचार घेतोय. ती स्वप्नं म्हणजे आपला इतिहास. आपण खरं म्हणतो ते त्यांच्या जगात रोगाचं लक्षण.

याच कादंबरीत जर्मनांनी चंद्रावर वसाहत केलीय. लेखकाने गमतीने लिहिलंय. पण मी तिथे पुस्तक मिटून बसलो. चंद्रावर माणसं राहत नाहीत. तिथे वसाहत केली तर कुणाला हाकलावं लागत नाही.

आणि इथे माझा मुख्य आक्षेप येतो. शांततेत भरभराटलेलं साम्राज्य म्हणता, पण शांतता कुणासाठी? जर्मनीने १८८४ पासून आफ्रिकेत वसाहती घेतल्या. यात एक विचित्र योग आहे. बिस्मार्कने हे पाऊल अंशतः आपल्या फ्रेडरिकच्याच धास्तीने उचललं, येणाऱ्या इंग्लंडप्रेमी सम्राटाची वाट आधीच अडवून ठेवायला, असं मत काही इतिहासकार मांडतात. बिस्मार्कच्या मुलानेच पुढे तसं सांगितलं होतं. तर, १९०४ साली आजच्या नामिबियात हेरेरो लोक उठले. ऑगस्टात वॉटरबर्गच्या लढाईनंतर सेनापती फॉन ट्रोथाने त्यांना ओमाहेके वाळवंटात रेटलं, पाणवठे अडवले. २ ऑक्टोबरला हुकूम काढला : जर्मन हद्दीत दिसेल तो हेरेरो, सशस्त्र असो वा नसो, गोळी घाला. हुकूम डिसेंबरात मागे घेतला गेला, मग उरलेल्यांना छावण्यांत कोंडलं. हेरेरोंपैकी बहुसंख्य मेले, नामांपैकी निम्म्याच्या आसपास. १९०५ ते १९०७ या काळात आजच्या टांझानियात माजी-माजीचा उठाव झाला. त्यात आणि त्यानंतरच्या दुष्काळात मेलेल्यांचे अंदाज पाऊण लाखापासून तीन लाखांपर्यंत जातात. जर्मन सरकारने हेरेरो-नामांच्या संहाराला वंशसंहार म्हटलं ते २०२१ मध्ये.

हे सगळं १९१४च्या आधीचं आहे, मंडळी. म्हणजे ज्याला आपण 'युद्धापूर्वीची शांतता' म्हणतो त्या शांततेतलं.

कुणी म्हणेल, हे वाईट सम्राटाच्या काळात झालं, संसदेच्या हाती सत्ता असती तर झालं नसतं. मग १९०७ची निवडणूक पाहा. नैऋत्य आफ्रिकेतल्या युद्धासाठी जादा पैसे द्यायला समाजवादी आणि कॅथलिक केंद्र पक्षाने नकार दिला, म्हणून राइशटाग बरखास्त झाली. निवडणूक वसाहतीच्या प्रश्नावरच लढवली गेली. निकाल? समाजवादी ८१ जागांवरून ४३वर आले. मतदारांनी युद्धाच्या बाजूला झुकतं माप दिलं. संसद आणि शांतता ही जोडी लुडविगने गृहीत धरलीय. इंग्लंड-फ्रान्सच्या वसाहती डोळ्यांसमोर असताना ती गृहीत कशी धरता येते, हेच मला कळत नाही.

आणि आपण कुठे आहोत या हिशेबात? हा परका विषय वाटत असेल तर एक नाव घेतो : कुट-अल-अमारा. इराकातलं टायग्रिसकाठचं गाव. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, पाच महिन्यांच्या आसपास वेढा. आत अडकली होती सहावी, पुण्याच्या नावाची डिव्हिजन, आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी. उपासमार झाली, शरणागती झाली, आणि कैदेत कितीतरी जण मेले. त्या युद्धात दहा लाखांहून जास्त हिंदी माणसं समुद्रापार गेली, ७० हजारांहून जास्त परतली नाहीत. फ्रेडरिकचा घसा बरा झाला असता, तर लुडविगच्या तर्काने ही माणसं आपापल्या गावी म्हातारी झाली असती. मी हे हलक्यात घेत नाही.

पण त्याच तर्काची दुसरी बाजूही वाचा. जर्मनीचं साम्राज्य शांततेत टिकलं असतं, तर ब्रिटनचंही टिकलं असतं. दोन सख्खी घराणी गुण्यागोविंदाने जग वाटून खात बसली असती. आपलं काय झालं असतं, मला माहीत नाही. कुणालाच नाही. 'म्हणून युद्ध झालं ते बरं' असं मी म्हणणार नाही, ते वाक्य उच्चारायचा अधिकार कुटमध्ये मेलेल्या माणसाला आहे, मला नाही. मी एवढंच म्हणतो, की युरोपातल्या शांततेचं सुंदर चित्र रंगवताना चित्राच्या चौकटीबाहेर कोण उभं आहे हे विचारायचं काम आपलं. ते लुडविगला सुचलं नाही यात नवल नाही. आपल्याला सुचलं नाही तर आहे.

शेवटी लुडविगकडे परत जातो, कारण त्याच्यावर मी जरा कठोर झालो. हा लेख कधी आला? १९३१. त्याच्या आदल्या सप्टेंबरात नाझी पक्षाने राइशटागमध्ये १०७ जागा जिंकल्या होत्या. लुडविग जन्माने ज्यू, बापाचं आडनाव कोन. बिस्मार्क, नेपोलियन, दुसरा विल्हेल्म, यांची चरित्रं लिहून तो जगभर वाचला जात होता. १९३२ मध्ये त्याने स्वित्झर्लंडचं नागरिकत्व घेतलं. १० मे १९३३ला बर्लिनमध्ये विद्यार्थ्यांनी पुस्तकांची होळी केली. प्रत्येक लेखकाचं पुस्तक टाकताना त्याचा गुन्हा पुकारला जात होता. लुडविगचा गुन्हा कोणता पुकारला गेला माहीत आहे? इतिहास खोटा करणं आणि राष्ट्राच्या थोर पुरुषांची बदनामी.

याचा विचार करा. ज्याने उघड सांगितलं, 'मी कल्पना करतोय, असं घडलं नाही', त्याच्यावर खोटेपणाचा आरोप. आणि आरोप करणारे कोण, तर पाठीत खंजीर खुपसला म्हणून आम्ही युद्ध हरलो, ही कल्पना खरा इतिहास म्हणून विकणारे. 'जर-तर' लिहिणारा निदान 'जर' हा शब्द लिहितो. तो शब्द पुसला की दंतकथा होते, आणि दंतकथेच्या नावाने माणसं मारता येतात. या दृष्टीने पाहिलं की तो लंगडा लेख मला वेगळा दिसतो. इतिहासाचं विश्लेषण म्हणून तो कच्चा आहे. पण बुडत्या देशाला उद्देशून 'तुमच्या घरात दुसरीही एक वाट होती' असं सांगणारं पत्र म्हणून तो वाचला, तर त्यातला सम्राट निमित्तमात्र ठरतो.

*(श्रोत्यांमधून प्रश्न : मग असं लेखन वाचावं की वाचू नये?)*

वाचावं की! जरूर वाचा. वाचताना तीन गोष्टी विचारा. बदल एका माणसात केलाय की व्यवस्थेत? नव्या सुखाचा खर्च कुणाच्या माथी मारलाय? आणि लेखक हे आजच का लिहितोय? पानिपतावर बोलतानाही हेच विचारा. विश्वासराव वाचले असते तर, हे विचारताना पुढचाही प्रश्न विचारा : मग बंगालच्या शेतकऱ्याचं काय झालं असतं, ज्याने बारगिरांच्या स्वाऱ्या पाहिल्या होत्या? त्याचं 'जर-तर' कदाचित आपल्यापेक्षा वेगळं असेल.

पुढच्या वेळी वायमार. म्हणजे खरोखर घडलेली, आणि टिकू न शकलेली जर्मनी.